पाण्याच्या जारपाशी बसून केलेलं गाणं

माझ्यात क्षमा कमी आहे. आमच्या घराण्यातच ती बेताची. माझ्या एका काकीने, वाळत घातलेल्या सुकटीत कोंबड्या सोडल्या म्हणून शेजारणीशी अकरा वर्षं बोलणं टाकलं होतं, आणि ती शेजारीण वारली तेव्हा रडता रडताही काकीने कोंबड्यांचा विषय काढला. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यात मी कुठे मोठ्या मनाची वगैरे होईन अशी वाट कोणी बघू नये.

माझा मामेभाऊ डीजे आहे. रत्नागिरीत बंदराकडच्या वाड्यांमध्ये कोणाची हळद असली की बहुतेक त्याचाच सेट लागतो. दोन बाजूंना माणसापेक्षा उंच स्पीकरचे बॉक्स, मध्ये टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि मिक्सर, मागे टेम्पो. मामाची स्वतःची बोट आहे, पण हा चार दिवस बोटीवर गेला आणि पाचव्या दिवशी ओकून ओकून अर्धा होऊन परत आला. त्यानंतर तो डीजे झाला. हे मी रागाने सांगते आहे हे खरं, पण त्यात खोटं काही नाही.

मी एसटी स्टँडजवळच्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. दिवसभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांच्या लग्नांना गाणी जोडता जोडता मी स्वतःच गाणी बनवायला लागले. शब्दांची नव्हेत, नाचायची. खाली ठोका, त्याला धरून बेस, वर एखादी धून, मध्येच बेंजोचा तुकडा. डीजेने वाजवावं आणि लोकांनी नाचावं एवढ्याचसाठी ती असतात. घरी बसून चहाबरोबर ऐकायचं ते गाणं नव्हे. कोणी वाजवलं नाही तर ते कॉम्प्युटरमध्ये नुसतं पडून राहतं. म्हणून मला डीजे हवा होता, आणि डीजे तर घरातच होता.

एका वर्षी वैशाखात नात्यातल्या एका हळदीला मी पेनड्राइव्ह घेऊन गेले. माझं पहिलं पूर्ण झालेलं गाणं त्यात होतं. चार महिने खपून केलं होतं. मामेभावाने हो म्हटलं, लावलं, आणि दीड मिनिटात आवाज खाली ओढला. मग माईक घेतला. माईक हातात आला की त्याला शहाणपण सुचतं.

"तुजा गाना लावला का पब्लिक पानी पियाला जातो गो!"

अख्खा मांडव हसला. मामी हसली, शेजारपाजारच्या बायका हसल्या, अंगाला हळद लागलेला नवरामुलगा पाटावर बसल्या बसल्या हसला. माझी आईसुद्धा हसली. आणि मामेभाऊ माझ्याकडे बघत राहिला, म्हणजे मीही हसावं म्हणून. मी हसले. त्या माझ्या हसण्याचा मला अजून राग येतो.

घरी येऊन मी जेवले नाही. आईने दोनदा विचारलं आणि मग माशांवर झाकण ठेवून ती झोपायच्या तयारीला लागली. मला जास्त कशाचं लागलं होतं ते मी तिला सांगितलं नाही. तो बोलला ते खरं होतं. माझं गाणं सुरू झाल्यावर लोक खरोखरच पाण्याकडे गेले होते. खोटं बोलला असता तर मी त्याला दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. खऱ्या बोलण्याला काय करणार? त्याचा डूखच धरावा लागतो.

तेव्हाच मी ठरवलं की याला माझं गाणं वाजवायला लावायचं. एकदा नाही, प्रत्येक हळदीला. आणि ज्या तोंडाने तो हे बोलला त्याच तोंडाने, सगळ्यांच्या देखत, गाणं माझं आहे असं वदवून घ्यायचं. त्यापेक्षा कमी काही मला नको होतं.

लोक पाणी प्यायला जातात, तर मी पाण्याजवळच जाऊन बसले. हळदीच्या मांडवात एका कोपऱ्यात पाण्याचे मोठे जार ठेवलेले असतात, शेजारी ग्लास. पुढच्या हळदीला मी त्या जारशेजारी खुर्ची टाकली आणि स्टुडिओतली जुनी डायरी मांडीवर घेतली. कुठल्या गाण्याच्या कितव्या मिनिटाला किती माणसं पाण्याला आली, ते लिहायचं. बायका किती, बाप्ये किती, आणि कोण प्यायल्यावर परत नाचायला गेलं, कोण तिथेच खुर्ची ओढून बसलं. लोकांना वाटायचं मी पाणी द्यायला बसले आहे. मग मी पाणीही द्यायला लागले. हळूहळू वाडीत माझं कौतुक व्हायला लागलं की पोरगी गुणाची आहे, कोणाची हळद असो, कामाला उभी असते. आईही खूष होती.

त्या वैशाखातले उरलेले दिवस आणि तुळशीच्या लग्नानंतरचा सगळा सीझन मी तशी बसले. स्टुडिओत बसून जे मला कधी कळलं नसतं ते त्या जारपाशी कळलं. ठोका थांबवून नुसती धून लांबवली की आधी बाप्ये येतात. बेस चालू असला पण टाळी गेली की बायका येतात, कारण बायका टाळीवर नाचतात, बेसवर नाही. गाणं एकदम नव्या ठोक्यावर उडी मारून सुरू झालं की सगळेच येतात, आणि ती चूक गाण्याची नसते, जोडण्याची असते. डीजेला पहिलं गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्याखाली सरकवायचं असतं. त्यासाठी सुरुवातीला थोडा वेळ नुसता कोरा ठोका लागतो. माझ्या पहिल्या गाण्यात मी सुरुवातीलाच बासरी घातली होती, आणि मला ती फार सुंदर वाटत होती. कोणाच्याही गाण्याला ती जोडता येत नव्हती. ती बासरी मी काढली तेव्हा मला मामेभावाचाच राग आला, आणि तो रागही मी नीट जपून ठेवला.

आणखी एक गोष्ट होती, जी मुंबईपुण्याच्या गाण्यांत कधी नसायची. आमच्याकडे हळदी दोन तऱ्हेच्या जागी होतात. एक म्हणजे चिऱ्याच्या भिंतींमधल्या अंगणात, तिथे बेस घुमतो आणि छातीवर बसतो. दुसरी म्हणजे किनाऱ्याला लागून वाळूवर, तिथे तोच बेस वाळू पिऊन टाकते आणि वरची किणकिण तेवढी उरते. बाहेरचं गाणं एका जागी चाले, दुसऱ्या जागी पडे. मी दोन्हीकडे चालेल असं करायचं ठरवलं. त्यासाठी ठोक्याला खाली धक्का ठेवला आणि वर लाकडावर काठी मारल्यासारखा कोरडा टक् आवाजही ठेवला, म्हणजे वाळूने खालचा खाल्ला तरी पाय वरच्यावर पडावेत. शेजारच्या काकांच्या रिक्षात बसून, तिथल्या मोठ्या स्पीकरवर मी ते तीस-चाळीस वेळा ऐकलं असेल. काकांनी शेवटी, गणपतीपुळ्याचं भाडं आलंय, आता उतर म्हणून मला बाहेर काढलं.

गाणं झालं. आता ते माझं म्हणून दिलं असतं तर त्याने लावलं नसतं. म्हणून मी एक नवा नंबर घेतला, नाशिकच्या एका बाप्याचं नाव ठेवलं, फोटोच्या जागी गॉगल लावलेला वाघ टाकला, आणि डीजेंच्या ग्रुपवर गाणं सोडून दिलं. बाहेरगावच्या मालावर आमच्याकडे लगेच विश्वास बसतो. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, ते आंब्यापेक्षा माणसांना जास्त लागू आहे.

आठव्या दिवशी मामेभावाने ते वाजवलं. मी जारपाशीच होते. तो माईकवर म्हणाला की आता ऐका नाशिकचा माल. साडेचार मिनिटांत पाण्याला दोन माणसं आली. त्यातलं एक पोर होतं, ते सांडायलाच आलं होतं. मी ग्लास खाली ठेवले, डायरीत दोनचा आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली.

त्या चैत्र-वैशाखात त्याने ते प्रत्येक ठिकाणी लावलं. आणि मग त्याने नाशिकच्या वाघाला मेसेज करायला सुरुवात केली. सर, गाणं एक नंबर. सर, अजून काही आहे का? सर, आम्ही लहान माणसं, लक्ष असू द्या. मी ते मेसेज स्टुडिओत दुपारी डबा खाताना वाचायचे आणि डबा गोड लागायचा. उत्तर मी दोन-दोन दिवसांनी द्यायचे. पाहिल्याची निळी खूण दाखवायची आणि गप्प बसायचं. मग एकदा लिहिलं की गाण्यात तुम्ही माईकवर फार बोलता असं कानावर आलंय, आमचं गाणं वाजवायचं तर पहिलं मिनिटभर तोंड बंद. पुढच्या हळदीला तो मिनिटभर खरंच गप्प उभा राहिला. मामी म्हणाली, आज याचा घसा बसलाय वाटतं. मला इतका आनंद झाला की मी तिला दोन ग्लास पाणी दिलं.

नारळी पौर्णिमेला बंदरावर मिरवणूक असते आणि त्याचा टेम्पो सगळ्यात पुढे असणार होता. त्याने वाघाकडे खास नवीन गाणं मागितलं. विनवण्या केल्या. मी ते देणारच होते, अर्धं झालंही होतं. पण देण्याआधी मी एक प्रश्न विचारला. खरं सांगायचं तर मला त्याला एक संधी द्यायची होती. मी लिहिलं की तुमच्या रत्नागिरीत कोणी गाणी बनवणारं नाही का, माझ्याकडे कशाला येता?

"नाय सर. हिकडे कोण नाय."

लगेच आलं उत्तर. विचार करायलाही थांबला नाही. एक पोरगी आहे पण वाईट बनवते, असं म्हणाला असता तरी त्यात मी असते. इथे मी नव्हतेच.

मला एक माहीत होतं. डीजे लोक नवीन गाणं सबंध ऐकत नाहीत. लॅपटॉपवर गाण्याची जाडबारीक नक्षी दिसते. ते सुरुवात ऐकतात, मग नक्षी जिथे जाड आहे तिथे टिचकी मारतात, आणखी एका जाड जागी टिचकी मारतात, शेवट बघतात आणि झालं. मधली बारीक जागा, जिथे ठोका थांबून सगळे पुढच्या धक्क्याची वाट बघतात, तिथे कोणी टिचकी मारत नाही. त्या बारीक जागेत मी माझा आवाज घातला. स्टुडिओत दार लावून बोलले. हे गाणं नाशिकचं नाही, हे मी केलंय, तुझ्या आत्याच्या मुलीने, आता सांग सगळ्यांना.

मिरवणुकीत दुपारी साडेचारला, बंदराच्या फाट्यावर, माझा आवाज त्या उंच बॉक्समधून बाहेर आला. अख्ख्या गावाला ऐकू जाईल इतका मोठा. मी माणसांच्या तोंडांकडे बघत होते. कोणी माझ्याकडे वळेल, आई वळेल, मामी वळेल. कोणी वळलं नाही. लोक हात वर करून धक्क्याची वाट बघत होते. गाण्यात मध्येच कोणीतरी काहीतरी बोलतंच, प्रत्येक डीजे आपलं नाव घुसडतोच, त्यातलंच हे एक. धक्का आला आणि सगळे उसळून नाचले. माझ्या आईच्या शेजारच्या बाईने मला हाताला धरून नाचात ओढलं.

कळलं होतं ते एकट्या मामेभावाला. तो टेम्पोवरून माझ्याकडे बघत होता. चेहरा उतरला होता त्याचा. मला वाटलं आता माईक उचलेल. त्याने माईक उचलला आणि तो म्हणाला, दर्याराजाला नमस्कार करा आणि वाजवा टाळी.

त्यानंतर नाशिकच्या वाघाला त्याने ब्लॉक केलं. पण गाणं सोडलं नाही. गणपतीत ते पुन्हा ऐकलं मी. मधली बारीक जागा कापून त्याने दोन टोकं जोडून टाकली होती, सफाईने. शिंप्याने काज केल्यासारखं काम होतं, मान्य करते. तळपायाची आग मस्तकात गेली. माझं गाणं गावभर वाजत होतं आणि त्यातून मला तेवढं काढून टाकलं होतं.

मग मी पुढचं गाणं करायला बसले. या वेळी कापता येईल अशा जागी काही ठेवायचं नाही एवढं पक्कं होतं. जे काढलं तर गाणंच उरत नाही ते म्हणजे ठोका.

मी घरात थोरली. आई मला नावाने हाक मारत नाही, थोरले म्हणते, आणि मामाकडेही सगळे तेच म्हणतात. तिची हाक साधी नसते. आयुष्यभर माशांची टोपली डोक्यावर घेऊन आळीआळीतून ओरडलेली बाई आहे ती. मागच्या पडवीतून मारलेली हाक दोन घरं सोडून तिसऱ्यात ऐकू जाते. भात वाढायला बोलावत असताना मी ती मोबाइलवर भरून घेतली. 'थोरलेऽ' मधला पहिला 'थो' खाली उतरवला, कोरडा केला, आणि ठोक्याच्या जागी बसवला. दर चौथ्या ओळीला खरा ठोका काढून टाकला आणि तिथे आईची पूर्ण हाक ठेवली, मागोमाग एक ठोकाभर मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेचं काय होईल ते मला ठाऊक नव्हतं.

हे गाणं मी माझ्या नावावर दिलं आणि मामेभावाला सोडून सगळ्यांना दिलं. पावसच्या एका डीजेला दिलं, दापोलीच्या कॉलेजात शिकणारा एक हॉस्टेलवर वाजवायचा त्याला दिलं, गणपतीपुळ्याच्या बाजूला दोघांना दिलं. पावसच्या डीजेने तुळशीच्या लग्नानंतर लगेच मला एका हळदीचा व्हिडिओ पाठवला. हाक आली की मांडवातली सगळी माणसं एका आवाजात 'आलेऽ' म्हणत होती. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. आई हाक मारते तर पोरं ओ देणारच.

मामेभावाने तीन आठवडे दम काढला. लोक त्याच्याकडे मागायला लागले, तो माझ्याकडे नाही म्हणून सांगायचा. मग मार्गशीर्षात त्याच्याच बहिणीची हळद आली. मामाच्या चिऱ्याच्या अंगणात मांडव. संध्याकाळी आम्ही गेलो, मी आणि आई, नात्याने जायचंच होतं. या वेळी मी जारपाशी बसले नाही. पुढच्या रांगेत, आईच्या शेजारी, नवी साडी नेसून बसले.

हळद उतरवून नवरी नाचायला उठली आणि तिने भावाला ते गाणं सांगितलं. तो आधी टाळत होता. मग त्याने ते कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून लावलं. त्याने आधीच तयारी करून ठेवलेली दिसली, कारण हाक कापलेली होती. दर चौथ्या ओळीला पाय हवेत राहायला लागले. ठोका यायच्या जागी काही येतच नव्हतं. नवरी एकदा अडखळली, दुसऱ्यांदा थांबली आणि भर मांडवात त्याला म्हणाली की नीट लाव ना, काय लावलायस.

तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. मी बघत राहिले. हसले नाही.

त्याने सबंध गाणं लावलं. हाक आली आणि अंगण ओरडलं, आलेऽ. अंगणात बेस घुमत होता, चिऱ्याच्या भिंती थरथरत होत्या, आणि ते लोक थांबेनात. गाणं संपायच्या आत त्यांनी पुन्हा मागितलं. दुसऱ्या फेरीला नवरी त्याला माईक घ्यायला सांगायला लागली. डीजेने हाक आपल्या तोंडाने दिल्याशिवाय मजा येत नाही, पावसला तसंच करतात, व्हिडिओ तिनेही बघितला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते, मामाही. त्याने माईक तोंडाशी नेला.

"थोरलेऽऽ!"

आले, असं दोनशे माणसं म्हणाली. परत त्याने हाक दिली. परत सगळी म्हणाली. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि दर चौथ्या ओळीला त्याला मला हाक मारावी लागत होती.

आईला आता जरा कमी ऐकू येतं. बॉक्समधला तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही, पण भाच्याचा आला. तिने मला कोपराने ढोसलं.

"अगो, त्यो हाक मारतोय तुला. जा, काय पायजे बग."

"मारू दे," मी म्हटलं, आणि जागची हलले नाही.